मोल्सवर्थ: एका दुर्मीळ आडनावाचा प्रवास

जुन्या मराठीतला एखादा शब्द अडला की जाणकार माणूस सांगतो, “मोल्सवर्थ काढून बघा.” तो माणसाबद्दल बोलत नसतो, कोशाबद्दल बोलत असतो. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात सुमारे ६० हजार शब्द होते. तेव्हापासून आजपर्यंत मराठीचा अभ्यास करणाऱ्या कुणाचंही या कोशावाचून चाललेलं नाही. एका इंग्रजी आडनावाला मराठीत इतकं घरचं स्थान मिळाल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण आहे.

आपल्या कानांना इतकं सवयीचं असलेलं हे आडनाव खुद्द इंग्लंडात मात्र दुर्मीळ आहे. १८८१ च्या जनगणनेत ग्रेट ब्रिटनची लोकसंख्या सुमारे तीन कोटी होती आणि त्यात स्मिथ आडनावाची माणसं चार लाखांहून अधिक होती. त्या गर्दीत मोल्सवर्थ मूठभरच. तरीही डब्लिन, वेलिंग्टन, रॉचडेल आणि कॉर्नवॉलमधलं वेडब्रिज या चारही ठिकाणी मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. थोडक्या माणसांचं नाव इतक्या लांबवर कसं पोहोचलं, याचा माग काढला की इंग्लंडच्या जमिनीचा, वारसाहक्काचा आणि साम्राज्याचा इतिहास ओळीने समोर येतो. दुर्मीळ आडनावाचं हेच मोल आहे. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी होते, त्यामुळे ते आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं आणि त्याच्या मागावर निघालेला माणूस पहिल्याच वळणावर हरवतो. मोल्सवर्थचा माग मात्र एका गावापर्यंत नेता येतो.

नावाचं गाव

ते गाव पूर्व इंग्लंडमध्ये, हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला आहे. पूर्वी हंटिंग्डनशर हा स्वतंत्र परगणा होता. १९७४ पासून तो भाग केंब्रिजशरमध्ये मोडतो. विजेता विल्यम राजाने १०८६ साली करून घेतलेल्या जमीन-पाहणीत, म्हणजे डूम्सडे बुकात, या गावाची नोंद आहे. नावाचा उत्तरार्ध ‘वर्थ’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली वाडी. पूर्वार्धात ‘मूल’ नावाचा माणूस आहे. तेव्हा मोल्सवर्थ म्हणजे मूलची वाडी. हा मूल कोण होता, याची नोंद कुठेच नाही. नॉर्मन लोक इंग्लंडमध्ये येण्याआधीच तो होऊन गेला आणि त्याची आठवण एवढ्या नावापुरती उरली.

गाव आजही लहानच आहे. सेंट पीटरचं जुनं चर्च, त्याच्या भिंतींवर मध्ययुगाच्या अखेरची चित्रं, थोडीशी घरं आणि भोवती शेतं. विसाव्या शतकात मात्र हे नाव एकदम जगाच्या बातम्यांत आलं. दुसऱ्या महायुद्धात गावाशेजारच्या धावपट्टीवरून अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची बी-१७ बाँबफेकी विमानं जर्मनीवर जात होती. १९८० साली ब्रिटिश सरकारने ग्रीनहॅम कॉमन या तळाच्या जोडीला अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवण्यासाठी हाच तळ निवडला. अण्वस्त्रविरोधी कार्यकर्त्यांनी तिथे शांतता-छावणी उभारली. फेब्रुवारी १९८५ मध्ये सैन्य आणून ती उठवण्यात आली. त्या दिवशी संरक्षणमंत्री मायकेल हेसेल्टाइन लष्करी रंगाचं जाकीट घालून तिथे आले होते आणि तो फोटो इंग्लंडमध्ये फार गाजला. १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर ती क्षेपणास्त्रं हलवण्यात आली.

गाव सुटलं की आडनाव लागतं

इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरागत होण्याची सुरुवात १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर झाली. आधी जमीनदारांनी ती घेतली, कारण जमिनीवर हक्क सांगायला कुळाचं नाव लागे. सामान्य शेतकरी, कारागीर यांच्याकडे ही पद्धत हळूहळू झिरपली आणि १४०० च्या सुमारास इंग्लंडच्या बहुतेक भागांत माणसाला पक्कं आडनाव आलं. ही आडनावं ढोबळमानाने चार वाटांनी आली: बापाच्या नावावरून, धंद्यावरून, टोपणनावावरून आणि ठिकाणावरून.

ठिकाणावरून पडलेलं आडनाव ओळखायला मराठी माणसाला वेळ लागत नाही. सगळेच नेवाशात राहत असतील तर तिथे कुणाला नेवासकर म्हणून ओळख पटणार नाही. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्यालाच ते नाव चिकटतं. इंग्लंडमध्येही तसंच झालं. मोल्सवर्थ गावात सगळेच ‘मोल्सवर्थचे’. जो तिथून बाहेर पडला, किंवा ज्याच्याकडे त्या गावाची जमीन होती, त्याच्या नावामागे ‘द मोल्सवर्थ’, म्हणजे मोल्सवर्थचा, असं लागलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत, सर वॉल्टर द मोल्सवर्थ हा सरदार होऊन गेला. एडवर्डबरोबर तो धर्मयुद्धासाठी पॅलेस्टाइनला गेला होता, असं घराण्याच्या वंशावळीत सांगितलं जातं. पुढच्या पिढ्यांत त्यातला ‘द’ गळून पडला आणि मोल्सवर्थ एवढंच राहिलं.

इथे एक सापळा आहे. चेशर परगण्यात मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे. जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या असत आणि लिहिणारा कारकून कानावर पडेल तसं लिही. त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या एखाद्या कागदात मोल्सवर्थ दिसला, तर तो हंटिंग्डनशरचा की चेशरचा, हे आजूबाजूच्या गावांवरून आणि जमिनीच्या तपशिलांवरून ठरवावं लागतं. आडनावाच्या अभ्यासात स्पेलिंगवर विसंबणारा फसतो.

नावं कमी का होतात

गाव लहान असलं तर आडनावही लहान राहतं, हे पहिलं कारण. लँकेशरमध्ये रॉचडेलजवळच्या बटरवर्थ या जागेवरूनही आडनाव पडलं. तेही ‘वर्थ’वालंच. पण रॉचडेलच्या परिसरात लोकर आणि पुढे कापसाचा धंदा वाढला, माणसं तिथेच पोट भरू लागली, त्यांची कुटुंबं वाढली आणि बटरवर्थांची संख्या फुगत गेली. हंटिंग्डनशरमधल्या शेतीच्या गावाला असं काही लाभलं नाही.

दुसरं कारण निव्वळ नशिबाचं आहे आणि त्याच्यामागे गणित आहे. नामवंत घराण्यांची नावं नाहीशी का होतात, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टनने १८७३ साली एका नियतकालिकात जाहीरपणे विचारला. हेन्री विल्यम वॉटसन या गणिती धर्मगुरूने त्यावर उत्तर मांडलं. कल्पना सोपी आहे. समजा, लोकसंख्या वाढत नाही आणि प्रत्येक पुरुषामागे सरासरी एकच मुलगा मोठा होतो. पण ती सरासरी. कुणाला तीन मुलगे असतात, कुणाला एकही नसतो. ज्याला मुलगा नाही त्याच्यापुरतं आडनाव तिथेच संपतं आणि ते पुन्हा कधी उगवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं होत गेलं की पुष्कळ नावं पुसली जातात आणि थोडी फुगत जातात. १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडची किमान एक तृतीयांश माणसं मेली. आडनावं नुकतीच रुजत असताना हा घाला पडला आणि तेव्हा एकेकट्या घरात असलेली कितीतरी नावं मुळापासून गेली. दुर्मीळ आडनाव टिकलं, याचा अर्थ त्या अरुंद वाटेवरून ते निभावून आलं.

कॉर्नवॉलची शाखा

सोळाव्या शतकात हे घराणं नॉर्थॅम्प्टनशरमधल्या फॉदरिंगे इथे नांदत होतं. याच गावच्या किल्ल्यात १५८७ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला. अँथनी मोल्सवर्थ या पूर्वजाने एलिझाबेथ राणीचा पाहुणचार इतक्या थाटात केला की तो कर्जात बुडाला आणि त्याला जमिनी विकाव्या लागल्या, अशी कथा घराण्यात सांगितली जाते. कथेतला तपशील कसाही असो, यानंतर घराण्याच्या दोन शाखा मूळ प्रदेशापासून खूप दूर गेल्या. एक नैर्ऋत्येला कॉर्नवॉलमध्ये, दुसरी समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये.

कॉर्नवॉलला गेला जॉन मोल्सवर्थ. डची ऑफ कॉर्नवॉल ही राजघराण्याची मोठी जहागीर आहे. तिच्या जमिनींच्या कामासाठी तो एलिझाबेथच्या काळात तिकडे गेला आणि बॉडमिन व वेडब्रिज यांच्या मधल्या पेनकॅरो इथे स्थायिक झाला. त्याने हेंडर घराण्यातल्या कॅथरीनशी लग्न केलं. तिच्या माहेरचं आडनाव प्रथेप्रमाणे पुढे चालणार नव्हतं. म्हणून सासरच्यांनी ते पहिलं नाव म्हणून जपलं. पेनकॅरोच्या मोल्सवर्थांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांचं नाव हेंडर ठेवलं जात होतं. इंग्रजी वंशावळीत एखाद्या माणसाचं पहिलं नाव आडनावासारखं वाटलं, तर कोणत्या तरी आजीचं माहेर तिथे शोधावं. स्त्रियांकडून आलेला वारसा नोंदवायची इंग्रजांची ही एक मूक रीत होती.

याच घरातला धाकटा मुलगा हेंडर मोल्सवर्थ जमैकात गेला. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो तिथला प्रतिनिधी होता आणि १६८४ ते १६८७ या काळात त्याने जमैकाचा कारभार पाहिला. १६८९ साली तिसऱ्या विल्यम राजाने त्याला बॅरोनेट केलं. त्याच वर्षी तो मूलबाळ नसताना मेला आणि किताब त्याच्या थोरल्या भावाकडे, पेनकॅरोला आला. पेनकॅरोच्या प्रतिष्ठेच्या मुळाशी माणसांच्या खरेदी-विक्रीतून आलेला पैसा आणि पद होतं. आडनावाचा इतिहास लिहिताना अभिमानाच्या गोष्टी मांडायच्या आणि ही गाळायची, असं करून चालणार नाही.

पुढे याच पेनकॅरोत सर विल्यम मोल्सवर्थ झाला. जन्म १८१०, मृत्यू १८५५. तो जहाल सुधारणावादी खासदार होता. टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाचे समग्र ग्रंथ त्याने संपादित करून छापले. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीची चौकशी करायला १८३७ साली पार्लमेंटची समिती नेमली गेली, तिचा तो अध्यक्ष होता. ‘मोल्सवर्थ समिती’ हे नाव ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाच्या पुस्तकांत आजही असतं. तिच्या १८३८ च्या अहवालाने या पद्धतीवर कडाडून टीका केली आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं थांबलं. पुढे मंत्री असताना त्याने लंडनचं क्यू उद्यान रविवारी लोकांसाठी खुलं केलं. कामगाराला सुटी रविवारीच असे, म्हणून या निर्णयाचं महत्त्व. १८५५ साली तो वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांतच वारला.

पेनकॅरोच्या बागेतली एक हकिकत प्रसिद्ध आहे. सर विल्यमने दक्षिण अमेरिकेतून आलेलं काटेरी पानांचं एक सूचिपर्णी झाड तिथे लावलं. ते पाहून एक पाहुणा म्हणाला की, यावर चढताना माकडाचीसुद्धा मती गुंग होईल. त्यावरूनच त्या झाडाला इंग्रजीत ‘मंकी पझल’ हे नाव पडलं, असं सांगतात. विल्यमला मूलबाळ नव्हतं. किताब चुलत घराकडे गेला आणि क्लोअन्स इथली सेंट ऑबिन घराण्याची इस्टेट मोल्सवर्थांकडे आल्यावर त्यांनी ते नावही आपल्या नावाला जोडलं. त्यामुळे पेनकॅरोचं आजचं आडनाव मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं दुहेरी आहे.

डब्लिनची शाखा

आयर्लंडला गेलेला रॉबर्ट मोल्सवर्थ डब्लिनमध्ये व्यापारी होता. सतराव्या शतकाच्या मध्यात क्रॉमवेलच्या सैन्याने आयर्लंड चिरडलं, कॅथलिकांच्या जमिनी हिसकावल्या आणि त्या इंग्रज प्रॉटेस्टंटांत वाटल्या. मोल्सवर्थांची आयर्लंडमधली जमीनजुमल्याची बैठक याच काळात जमली. १६५६ साली हा रॉबर्ट वारला आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा जन्मला, त्याचंही नाव रॉबर्ट. हा मुलगा पुढे डेन्मार्कला इंग्लंडचा राजदूत झाला. तिथली राजाची अनिर्बंध सत्ता पाहून आल्यावर त्याने १६९४ साली डेन्मार्कविषयी पुस्तक प्रसिद्ध केलं. स्वतंत्र प्रजा पराधीन कशी होते, हे त्यात त्याने दाखवलं. ते पुस्तक युरोपभर वाचलं गेलं. १७१६ साली तो व्हायकाउंट झाला.

त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ साली रामिल्यीच्या लढाईत सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरोचा परिसहायक अधिकारी होता. धुमश्चक्रीत सेनापती घोड्यावरून पडला, तेव्हा रिचर्डने आपला घोडा त्याला दिला आणि त्याचा जीव वाचवला. हाच रिचर्ड पुढे तिसरा व्हायकाउंट झाला. त्याची मुलगी मेरी मात्र या घराण्याच्या कथेतली सगळ्यात दुःखी व्यक्ती. तिचं लग्न वेस्टमीथमधल्या बेल्व्हेडेरच्या उमरावाशी झालं. दिराशी तिचे संबंध आहेत, असा आरोप ठेवून नवऱ्याने १७४३ पासून तिला घरात कोंडून ठेवलं. १७७४ साली तो मेला, तेव्हाच तिची सुटका झाली.

अठराव्या शतकात डब्लिनमधल्या मोल्सवर्थांच्या जमिनीवर नवी वस्ती आखली गेली आणि तिथल्या रस्त्याला घराण्याचं नाव मिळालं. हा मोल्सवर्थ स्ट्रीट जिथे किल्डेअर स्ट्रीटला मिळतो, तिथेच समोर लेन्स्टर हाउस आहे. आज तिथे आयर्लंडचं पार्लमेंट भरतं.

धाकट्या मुलांचा भूगोल

या दोन शाखांवरून एक गोष्ट ध्यानात येते. इंग्लंडमध्ये इस्टेट थोरल्या मुलाला जाई. आपल्याकडे वाटण्या होऊन शेताचे तुकडे पडत. तिकडे जमीन अखंड राही आणि धाकटे मुलगे बाहेर पडत. त्यांना वाटा ठरलेल्या होत्या: चर्च, सैन्य, वकिली, वसाहती. सामान्य आडनाव गावातून शेजारच्या गावात, तिथून गिरणीच्या शहरात असं पायी पसरतं. नकाशावर ते एका जागी दाट आणि कडेला विरळ दिसतं. जमीनदार घराण्याचं दुर्मीळ आडनाव लांब लांब उड्या मारतं. नेमणुका जिथे झाल्या तिथे ते उमटतं आणि मधला प्रदेश कोरा राहतो.

जॉन एडवर्ड नसाउ मोल्सवर्थ १८३९ मध्ये रॉचडेलचा मुख्य धर्मगुरू झाला आणि मरेपर्यंत, १८७७ पर्यंत, त्या जागेवर राहिला. बटरवर्थांच्या मुलखात मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, त्याचा संदर्भ याच घराचा. त्याचा एक मुलगा विल्यम नसाउ हाही त्याच भागात धर्मगुरू होता. त्याने इंग्लंडचा इतिहास लिहिला आणि रॉचडेलमध्ये उगवलेल्या सहकारी चळवळीला पाठिंबा दिला. दुसरा मुलगा गिलफर्ड इंजिनिअर झाला. त्याने श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या, रेल्वेचं काम केलं आणि १८७१ पासून तो हिंदुस्थान सरकारचा रेल्वे-सल्लागार इंजिनिअर होता. इंजिनिअरांसाठी त्याने तयार केलेली सूत्रांची खिशातली पुस्तिका इतकी चालली की त्या व्यवसायात ‘मोल्सवर्थ’ म्हटलं की तीच समजली जाई. एकाच शतकात या आडनावाने दोन संदर्भग्रंथांना नाव दिलं. एक मराठी शब्दांचा, दुसरा पूल आणि रूळ बांधणाऱ्यांचा.

आयरिश शाखेच्या वंशातला रॉबर्ट मोल्सवर्थ वकील १८५२ साली डब्लिनहून ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथल्या व्हिक्टोरिया प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. पेनकॅरोच्या सर विल्यमचा धाकटा भाऊ फ्रान्सिस १८४० साली वेलिंग्टनच्या पहिल्या वसाहतवाल्यांबरोबर न्यूझीलंडला पोहोचला. सर विल्यम स्वतः न्यूझीलंडला कधीच गेला नाही. पण ती वसाहत उभारणाऱ्या कंपनीत त्याचा सहभाग होता, म्हणून वेलिंग्टनमधल्या मोल्सवर्थ स्ट्रीटला त्याचं नाव मिळालं. हा रस्ताही पार्लमेंटच्या आवाराला लागूनच जातो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोल्सवर्थ स्टेशन नावाचं पशुपालनाचं शेत आहे, देशातलं सर्वांत मोठं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियात आणि टास्मानियातही मोल्सवर्थ नावाची गावं आहेत. मूलची वाडी अशी पृथ्वीच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेली.

लग्नाने आलेल्या स्त्रियांनीही हे नाव मोठं केलं. ‘द ककू क्लॉक’ हे १८७७ चं मुलांचं पुस्तक लिहिणाऱ्या मेरी लुइझा मोल्सवर्थ माहेरच्या स्ट्युअर्ट. आयरिश व्हायकाउंटच्या पुतण्याशी लग्न झालं आणि इंग्रजी बालसाहित्यात त्या ‘मिसेस मोल्सवर्थ’ म्हणूनच अजरामर झाल्या. १९५३ पासून तर जेफ्री विलन्स आणि रोनल्ड सर्ल यांच्या पुस्तकांमुळे नायजेल मोल्सवर्थ हा खट्याळ शाळकरी मुलगा इंग्लंडच्या घराघरांत पोहोचला. हे नाव उच्चभ्रू शाळेत शोभणारं, दुर्मीळ आणि तरी ओळखीचं.

हा माग लावता कसा येतो

एवढ्या पिढ्यांचा हिशेब हाती लागतो, याचं श्रेय इंग्लंडच्या कागदांना आहे. १३७७ ते १३८१ या काळातल्या डोईपट्टीच्या याद्या आहेत. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलने (आयर्लंड चिरडणारा क्रॉमवेल वेगळा) हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. १६६० च्या दशकात चुलींवर कर बसला आणि कुणाच्या घरात किती चुली, हे नावानिशी लिहिलं गेलं. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. १८८१ ची संपूर्ण जनगणना पुढे स्वयंसेवकांनी नावानिशी उतरवून काढली. आज संगणकावर आडनाव टाकलं की ते कोणत्या परगण्यात किती दाट होतं, याचा नकाशा दिसतो, तो त्या मेहनतीमुळे.

असे नकाशे काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न हेन्री ब्रोहम गपी या निसर्गशास्त्रज्ञाने १८९० साली केला. त्याने डिरेक्टरींमधून फक्त शेतकऱ्यांची आडनावं मोजली. शेतकरी जमिनीला बांधलेला असतो, सहसा हलत नाही, म्हणून आडनावाचं मूळ ठिकाण त्याच्याकडून कळेल, हा त्याचा तर्क. तो बऱ्याच अंशी बरोबर ठरला. आज ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ या १९७९ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद एकेक आडनाव वाटून घेऊन जगभरातल्या त्याच्या नोंदी गोळा करतात.

कागदांच्या जोडीला आता जनुकशास्त्रही आलं आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय गुणसूत्रही तसंच जातं. जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली साइक्स आडनावाचे पुरुष तपासले, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या सोळाशेहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथ आडनावाच्या दोघांत वाटेवरच्या कुठल्याही दोन माणसांपेक्षा जास्त नातं दिसलं नाही. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाच्या बहुतेक पुरुषांचा मात्र मूळ पुरुष एकच असल्याचं दिसलं. जितकं आडनाव दुर्मीळ, तितकं ते धारण करणारे एकमेकांचे भाऊबंद असण्याची शक्यता जास्त.

मराठीतला मोल्सवर्थ

जेम्स थॉमस मोल्सवर्थ १७९५ साली जन्मले आणि कोवळ्या वयात मुंबई इलाख्याच्या सैन्यात आले. मराठी बोलणाऱ्या मुलखात राहून त्यांनी शब्द टिपायला सुरुवात केली. जॉर्ज आणि टॉमस हे जुळे कँडी बंधू त्यांचे सहकारी होते आणि मदतीला शास्त्रीमंडळी होती. कोश उघडला की त्यांचा काटेकोरपणा दिसतो. शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी, हे अक्षराच्या खुणेने सांगितलेलं असतं. मग अर्थ, अर्थाच्या छटा, वाक्प्रचार, म्हणी. शेतातला, स्वयंपाकघरातला, बाजारातला, शिवीगाळीतला, कोणताही शब्द त्यांनी हलका मानला नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी ते पुन्हा हिंदुस्थानात आले. त्यांच्या या व्यासंगामुळे इथले लोक त्यांना ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये या कोशाची संक्षिप्त आवृत्ती केली आणि १९७५ मध्ये पुण्यात मूळ कोशाचं पुनर्मुद्रण झालं.

डब्लिनमध्ये हे आडनाव जमिनीमुळे उरलं, वेलिंग्टनमध्ये सत्तेमुळे आणि जमैकात ज्या कारणाने उमटलं ते लाजिरवाणं होतं. मराठीत ते कामामुळे उरलं आणि माझ्या मते या आडनावाची जगातली ही सर्वांत मानाची जागा आहे.

आणि म्हणूनच यातून घ्यायचा धडाही मोल्सवर्थांच्या कामासारखाच आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ४५ हजारांहून अधिक आडनावांचा चार खंडांचा ऑक्सफर्ड कोश २०१६ साली पुरा झाला. त्यात प्रत्येक नावाची उत्पत्ती, जुन्या नोंदी आणि मूळ प्रदेश दिलेला आहे. मराठी आडनावांचाही असा पुराव्यासह कोश व्हायला हवा आणि त्याची सामग्री आपल्याकडे आहे. पेशवे दप्तरात, इनामाच्या कागदांत, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत, गावोगावच्या जुन्या सातबाऱ्यांत ती विखुरलेली आहे आणि त्यातली पुष्कळशी मोडीत आहे. घरात जुना मोडी कागद असेल तर त्याचा नीट फोटो काढून ठेवा. आडनावाचं मूळ गाव, मागच्या स्थलांतराची हकिकत, बदललेलं आडनाव, आजीचं माहेर, हे सगळं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्या. जमलं तर मोडी वाचायला शिका. तुमचं आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी तुमच्या घरची नोंद मोलाची आहे, कारण ती दुसऱ्या कुणाकडे सापडणार नाही.